एक पेन्सिल, नऊ चेहरे

"कायद्याला बायको नसते," मी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर बोट आपटून म्हणालो.

वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा, जरा वरच्या पट्टीत म्हटलं. केबिनबाहेरच्या बाकावर माझी बायको बसली होती. ती माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती. डबा शिपायाकडे देऊन ती निघून गेली. घरून निघताना तो तीन कप्प्यांचा होता. माझ्यापर्यंत दोनच पोचले, पोळीचा आणि भाताचा. भाजीचा कप्पा ती परत घेऊन गेली होती.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा मोरखेड नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. य. बा. गुरसळे या नावानं मला फक्त पोस्टमन ओळखायचा. बाकी गाव 'सॅनिटरीसाहेब' म्हणायचं. गटारं, उकिरडे, हॉटेलं, रसाची गुऱ्हाळं आणि केशकर्तनालयं माझ्या अखत्यारीत. जंतू दिसत नाही, म्हणून निदान इन्स्पेक्टर तरी दिसला पाहिजे, असं माझं धोरण होतं. एका न्हाव्यानं एकाच ब्लेडनं दोन गिऱ्हाइकांची दाढी केली म्हणून मी भर बाजारात त्याचा वस्तरा जप्त केला होता. पुढे महिनाभर तो वस्तरा माझ्या कपाटात होता, आणि तेवढा महिना गावातल्या एकाही न्हाव्याला माझी दाढी करायला वेळ मिळाला नाही.

माझी बायको कुमुद हिनं घराच्या पुढच्या खोलीत 'रूपश्री लेडीज ब्युटी पार्लर' काढलं, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिच्याही पार्लरची मी दर मार्चात तपासणी करत असे. म्हणजे जेवण झालं की छापील तक्ता घ्यायचा आणि पलंगावर बसून भरायचा. तक्त्याला चौदा रकाने होते: मोरी, पिण्याचं पाणी, पिकदाणी, उंदरांचा उपद्रव वगैरे. पार्लरमध्ये पिकदाणी नव्हती. तिच्यापुढे मी 'समाधानकारक' असं लिहीत असे. माणसाच्या डोळ्यात आणि ओठांवर ज्या वस्तू जातात, त्यांच्यासाठी रकाना नव्हता. जिथे रकाना नाही तिथे जंतू नाही, अशी आमची कार्यालयीन समजूत होती.

तर त्या सोमवारी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्ज आला होता, कांद्याचे आडते रावसाहेब झांबरे यांचा. शनिवारी त्यांच्या दोन मुलींची, शैलजा आणि वैजयंतीची, एकाच मांडवात लग्नं झाली. दोघींना सजवलं कुमुदनं. सोमवारी दोघींच्या सासरी पूजा, आणि सोमवारी सकाळीच दोघींचे डोळे आले. आले म्हणजे असे आले की नवरी लाजून खाली बघतेय की उजेड सोसवत नाही म्हणून, हे कुणाला कळेना. थोरलीच्या सासूनं तर निरोपच पाठवला, की मुलीत काही होतं तर आधी सांगायचं होतं. मुलींच्या आईचे, मावशीचे आणि दोन्ही करवल्यांचेही डोळे लाल झाले होते. अर्जात लिहिलं होतं की हे सगळं 'रूपश्री'तल्या घाणीमुळे झालं, सबब सदर पार्लरला सील ठोकावं.

पुढच्या पंधरवड्यात कुमुदच्या आठ तिथी ठरल्या होत्या. दाराला एकदा नगरपालिकेचं सील लागलं असतं, तर मोरखेडमधली एकही नवरी पुन्हा तिच्यापुढे तोंड करून बसली नसती. सहा वर्षांत तिनं मांडलेलं सगळं एका लाखेच्या ठिपक्यात संपलं असतं. हे मला कळत होतं आणि मुख्याधिकाऱ्यांनाही कळत होतं. ते म्हणाले, गुरसळे, घरचा मामला आहे, तालुक्याहून दुसरा माणूस मागवतो. त्यावर मी ते बायको नसलेल्या कायद्याचं वाक्य टाकलं. दुसरा माणूस येऊ नये, याला माझ्याकडे आणखी एक कारण होतं; पण ते त्या वेळी टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं.

माझ्या डोळ्यांवर काळा गॉगल होता. शनिवारी धूरफवारणी करताना औषध उडालं, असं मी ऑफिसात सांगितलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी उठून माझ्या कर्तव्यनिष्ठेबद्दल हात पुढे केला, आणि हात मिळवायच्या आत काय वाटलं कोण जाणे, नमस्कारच केला.

संध्याकाळी घरी गेलो तर कुमुद ओटा पुसत होती. तिचं घर म्हणजे काय सांगावं, फरशीवर पडलेली साखर मुंगीच्या आधी तिला दिसायची. पार्लरचे नॅपकिन नीळ घालून असे पांढरे की त्यांना हात पुसायची भीती वाटे. पाहुण्यानं तांब्याला तोंड लावून पाणी प्यायलं तर पाहुणा दारापर्यंत जायच्या आत तांब्या घासायला पडायचा. तिच्या घरातून रोग पसरला, हा अर्ज म्हणजे तिच्या दृष्टीनं देवळातून चपला चोरीला जाण्यासारखा नव्हता. देवानंच चोरल्यासारखा होता.

"उद्या किती वाजता येणार साहेब?" तिनं ओट्याकडे बघतच विचारलं.

"अकराला."

"चहा ठेवू, की लाच होईल?"

लाच होईल, असं मी म्हणालो. मग मी तिला मेकअपच्या सामानाविषयी विचारलं. ब्रश धुतेस का? तर म्हणे धुतला की केस सुटतात. स्पंज? तो वाळवते. काजळाची पेन्सिल? लाकडाची पेन्सिल कोणी धुतं का, बोथट झाली की टोक करते. लिपस्टिक? त्यावर तिनं फडकं पिळून घेतलं. मग मी तिला जंतूंवर माझं नेहमीचं भाषण दिलं. एका थेंबात किती लाख मावतात, ते किती वेळात दुप्पट होतात, ओल्या स्पंजात त्यांचं कसं गोकुळ नांदतं. हेच भाषण शाळेत दिलं की पोरं घाबरून नखं लपवायची. कुमुदनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"लाख असू देत नाहीतर कोटी," ती म्हणाली. "माझ्या घरात शिरायला त्यांना वाट कोणी दाखवली, तेवढं तुमच्या पंचनाम्यात येऊ द्या." आणि माझ्याकडे एकदा नीट बघून म्हणाली, "घरात गॉगल कशाला?"

"उजेड सहन होत नाही."

"लाईट गेलीय मघाशीच."

त्यावर मी चाचपडत हात धुवायला गेलो.

मंगळवारी अकरा वाजता पंचनामा सुरू झाला. पुढच्या खोलीत मोठा आरसा, त्याच्यापुढे ती वरखाली होणारी खुर्ची, आणि बाजूला चार लाकडी खुर्च्या. एका खुर्चीवर झांबरे बसले. अंगानं दुहेरी, आवाज मार्केट यार्डातला, आणि डोळ्यांवर काळा गॉगल. दोन मुलींच्या पाठवणीला रडून रडून आणि जागून डोळे सुजलेत, असं त्यांनी आल्या आल्या न विचारता सांगितलं. मीही फवारणीचं सांगितलं. दोन काळे गॉगल एकमेकांकडे बघत बसले. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोन आंधळे गवई तंबोऱ्याची वाट बघतायत.

झांबऱ्यांबरोबर त्यांची थोरली बहीण अक्का आली होती. अक्काला विसाव्या-बाविसाव्या वर्षी वैधव्य आलं, तेव्हापासून ती माहेरीच. चाळीस वर्षं तिनं फिक्या रंगाचं लुगडं नेसून झांबऱ्यांचं घर चालवलं. रावसाहेब यार्डात कितीही गरजले तरी घरातला भाव अक्का फोडायची. लग्नाच्या दिवशी कुमुद सगळ्या बायकांना सजवत होती, तेव्हा अक्का पहाटेपासून पार्लरच्या याच खोलीत भिंतीला टेकून बसून होती. कुमुदनं रीत म्हणून तिलाही विचारलं, तर म्हणाली, मला कुणाचं उष्टं चालत नाही. आणि तरी तिथून हलली नाही.

लिहून घ्यायला आमचे सोपान मुकादम होते. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा त्यांच्या पायावर कचऱ्याची गाडी गेली, तेव्हाही त्यांनी आधी गाडीचा नंबर टिपून घेतला होता.

मी घसा साफ केला. "श्रीमती गुरसळे, मेकअपसाठी वापरलेलं सामान पंचांसमोर ठेवा."

"ठेवते साहेब," कुमुद म्हणाली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. इतक्या आदरानं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

तिनं आपली निळी पेटी उघडली. एक स्पंज, चार ब्रश, तीन लिपस्टिका, आणि काजळाची एक पेन्सिल, निम्मी झिजलेली. मी डॉक्टर मुनोतांची चिठ्ठी वाचून दाखवली. मुनोत आमच्या गावचे डोळ्यांचे डॉक्टर. सगळ्यांना त्यांनीच तपासलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की डोळे आलेल्याकडे नुसतं बघून डोळे येत नाहीत. हात, रुमाल, किंवा एकाच्या डोळ्याला लागलेली वस्तू दुसऱ्याच्या डोळ्याला लागली की येतात. आणि लागण झाल्यापासून डोळा लाल व्हायला एक-दोन दिवस जातात. तोवर माणूस स्वतःला चांगला समजून सगळीकडे हिंडत असतो.

"म्हणजे ही पेन्सिल," झांबरे म्हणाले.

"ही पेन्सिल शुक्रवारी नवी फोडली," कुमुद म्हणाली. "कागद अजून पेटीत आहे. तेव्हापासून माझ्या हातून नऊ चेहरे झाले. नवीतून रोग येत नाही. नऊजणांतल्याच कुणीतरी आणला."

मुकादमांनी पेटीतून कागद काढला, उलटसुलट बघितला आणि लिहून घेतलं. मग म्हणाले, नवांची नावं ओळीनं सांगा बाई.

कुमुदनं बोटावर मोजायला सुरुवात केली. "एक नंबरचं नाव मी सांगणार नाही. दोन शैलजा, तीन वैजू, चार त्यांची आई, पाच मावशी, सहा आणि सात करवल्या. आठ त्यांची मामी; पण मामींनी काजळ आपल्या डबीतलं लावून घेतलं, माझं नको म्हणाल्या. नऊ नंबरचंही नाव मी सांगणार नाही."

"मामीचे डोळे कसे आहेत?" मुकादमांनी विचारलं.

"पांढरेशुभ्र," अक्का म्हणाली. तेवढंच बोलली.

झांबरे खुर्चीतून पुढे सरकले. त्यांना नवव्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. नववा गेला उडत, असं ते म्हणाले, आणि ते जरा घाईनंच म्हणाले. पण पहिल्याचं नाव समजलंच पाहिजे. पहिल्यानंच घाण आणली. पहिल्यामुळे त्यांची शैलजा सासरी पहिल्या पूजेला तोंड झाकून बसली, पहिल्यामुळे विहिणीचा निरोप ऐकून घ्यावा लागला. तो पहिला किंवा ती पहिली जी कोण असेल, तिला ते बघून घेणार होते.

मला या वेळी फार तहान लागली. पाणी मागावं तर लाच होईल, म्हणून मागितलं नाही.

"नाव सांगता येणार नाही," कुमुद म्हणाली. "या खुर्चीत बसणारा माणूस मला म्हणतो, कुमुद, कुणाला सांगू नकोस. कुणाचं वय असतं, कुणाचा डाग असतो, कुणाची हौस असते. मी सहा वर्षांत कुणाचं बाहेर बोलले नाही. म्हणून तर माणसं येतात."

"मग सील लावा," झांबरे म्हणाले. "नाव नाही तर सील."

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पिशवीत लाख, दोरी आणि शिक्का होता. नियमाप्रमाणे पंचनाम्याला जाताना न्यावा लागतो. मी गॉगलमधून आरशाकडे बघत होतो. आरशातही मीच होतो.

कुमुद उठली. दाराच्या खुंटीवरून पार्लरची किल्ली काढली आणि माझ्यापुढच्या स्टुलावर ठेवली. रागानं आपटली असती तर बरं झालं असतं. पण रोज सकाळी माझ्यापुढे औषधाची गोळी ठेवायची, तशी ती तिनं ठेवली.

"लावा साहेब," ती म्हणाली. "कायद्याला बायको नसते."

किल्लीला एक लहानसं पितळी कमळ होतं. पार्लर काढलं तेव्हा मीच जत्रेतून आणलेलं. मी त्या कमळाकडे बराच वेळ बघितलं. मग गॉगल काढला.

"मुकादम, लिहा," मी म्हणालो. "एक नंबर. य. बा. गुरसळे, सॅनिटरी इन्स्पेक्टर."

मुकादमांनी लिहिलं. मान वर न करता विचारलं, "वय?"

"पंचेचाळीस."

"शेहेचाळीस," कुमुद म्हणाली. बांधील होती ती फक्त नावापुरती.

मग सांगणं भागच होतं. शुक्रवारी संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी 'स्वच्छ प्रभाग' पुरस्काराचा समारंभ होता आणि तो मला मिळायचा होता. त्याच्या आदल्या वर्षीही माझा फोटो पेपरात आला होता; खाली लिहिलं होतं 'जागरूक अधिकारी', आणि वर माझे दोन्ही डोळे मिटलेले. सहा महिने लोक मला विचारत होते की साहेब, झोप झाली का. म्हणून या खेपेला निघायच्या आधी मी दार लावून घेतलं, या खुर्चीत बसलो आणि कुमुदला म्हणालो, डोळ्यांना थोडी रेघ दे, म्हणजे फोटोत उघडे दिसतील. फार नको, कळणार नाही इतकीच. आणि कुणाला सांगू नकोस. नवी पेन्सिल माझ्यासाठीच फोडली होती. डोळे तेव्हा लाल नव्हते, नुसते खाजत होते. मला वाटलं, पुरस्काराची उत्सुकता असेल.

"पण तुम्हाला लागलं कुठून?" झांबऱ्यांनी विचारलं. त्यांचा आवाज यार्डातला राहिला नव्हता.

त्याचं उत्तर मुकादमांनी दिलं. त्यांनी खिशातून आपली डायरी काढली. "बुधवार. शाळा नंबर तीन. डोळ्यांच्या साथीची पाहणी. साहेबांनी अठ्ठेचाळीस मुलांच्या पापण्या स्वतःच्या अंगठ्यानं वर करून पाहिल्या. नंतर रुमाल नसल्यानं त्याच हातानं घाम पुसला. शाळेत हात धुवायला पाणी नव्हतं." पान उलटून ते पुढे म्हणाले, "साहेबांनी शेरा मारला, 'हात धुण्याची सोय त्वरित करावी.'"

रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत गेला. मी झांबऱ्यांना म्हणालो, शैलजाच्या सासरी मी स्वतः जातो, उद्याच. विहीणबाईंना सांगतो, की तुमच्या सुनेत दोष नाही; इन्स्पेक्टरात आहे. हवं तर डोळे दाखवतो.

मला वाटलं होतं, आता ते माझी गचांडी धरतील. ते मात्र खुर्चीत आणखी आणखी खाली जायला लागले. अक्कानं त्यांच्याकडे मान वळवली.

"रावसाहेब, तुझाही गॉगल काढ."

"अक्का, मला जागरणानं..."

"काढ."

त्यांनी काढला. डोळे म्हणजे नुसती दोन डाळिंबं. खाली बघत त्यांनी सांगितलं, की व्हिडिओवाला म्हणाला, पाठवणीच्या सीनला बापाचा क्लोजअप घेणार आहे. पंधरा दिवसांच्या धावपळीत डोळ्यांखाली काळं झालेलं. दोन्ही पोरी आयुष्यभर ती कॅसेट बघणार. म्हणून कुमुदताईंना जेवणाच्या पंगतीच्या वेळी हळूच माडीवर बोलावलं. जरासं डोळ्यांखाली लावलं, आणि एक रेघ.

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाली. "बाई पेटी घेऊन माडीवर गेली, आणि तू खाली आलास तो देवळाच्या दारावर रंगवलेल्या भालदारासारखा."

मुकादमांनी नऊ नंबर लिहिला. वय विचारलं. झांबऱ्यांनी खरं सांगितलं असावं, कारण सांगायला वेळ लागला.

आता मला जरा धीर आला. दोषी सापडला होता, फिर्यादी त्याच्याच रांगेत उभा होता, आणि मी पंचनाम्याचा शेवटचा परिच्छेद डोक्यात जुळवू लागलो: सबब पार्लरचालकाचा काही दोष दिसून येत नाही. मी कुमुदकडे जरा अभिमानानंच बघितलं. पण अक्काचं झालं नव्हतं.

"कुमुद, तुझ्याकडे पाणी मागितलं, तर एकीचा उष्टा पेला तू दुसरीला देशील?"

"नाही अक्का," कुमुद म्हणाली. "विचारणं झालं का हे?"

"पेला नुसता ओठाला लागतो. मी शनिवारी इथं बसून बघत होते. एकीच्या डोळ्यातली काडी निघाली, की दुसरीच्या डोळ्यात. तिच्यातून निघाली, की तिसरीच्या. लाली तर ओठावरून ओठावर. मी मनात म्हटलं, ही एवढी सोवळी बाई, आणि सगळ्या मांडवाला उष्टं वाढतेय."

कुमुदचा चेहरा उतरला. आदल्या संध्याकाळी लाख-कोटी जंतू ऐकून जी बाई ओटा पुसत राहिली होती, ती आता त्या पेन्सिलीकडे असं बघू लागली, जसं काही ताटातल्या भातातून झुरळ निघालं. ती उठली. पेन्सिल दोन बोटांच्या चिमटीत धरून तिनं केराच्या डब्यात टाकली. त्यामागून स्पंज गेला, मग एक-एक करून तिन्ही लिपस्टिका. त्यातली एक अगदी नवी होती. तिच्यावर तिचा हात क्षणभर थांबला, पण तीही गेली. मग चारही ब्रश घेऊन ती आत गेली. आतून स्टोव्ह पंप करण्याचा आवाज आला.

"केस सुटतील," मी आत ऐकू जाईल असं म्हणालो.

"सुटू देत," आतून उत्तर आलं.

त्या दिवशी जे ठरलं ते कुमुदनं ठरवलं, आम्ही फक्त लिहून घेतलं. यापुढे प्रत्येक नवरीची काजळाची पेन्सिल वेगळी, आणि काम झालं की ती नवरीबरोबर सासरी जाईल. लिपस्टिक थेट ओठाला लागणार नाही. काडीनं बशीत काढायची, बशीतून लावायची, काडी टाकून द्यायची. स्पंजाचे कापून तुकडे, माणशी एक. ब्रश प्रत्येक वेळी साबणानं धुऊन उन्हात. ज्याचे डोळे खाजतात त्याला खुर्ची नाही, मग तो कुठल्याही खात्याचा असो. हे शेवटचं तिनं सावकाश सांगितलं आणि मुकादमांनी दोनदा अधोरेखित केलं. पुढच्या मार्चात माझ्या तक्त्याला पंधरावा रकाना आला, तो असा.

झांबऱ्यांनी विचारलं, की अर्ज परत घेतला तर पंचनाम्यातलं नऊ नंबरचं नावही परत घेता येईल का. मुकादम म्हणाले, एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. मग जरा विचार करून म्हणाले, पण कागदावर शाई सांडू शकते. आणि त्यांनी दौत उघडी ठेवून खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. एक नंबर आणि नऊ नंबर, दोन्हींवर थोडी थोडी सांडली. ती कशी सांडली, हे पंचनाम्यात आलं नाही.

जाण्याआधी पंचांना नव्या पद्धतीचा नमुना दिसावा, म्हणून कुमुदनं कपाटातून एक नवी पेन्सिल काढली. सर्वांसमोर तिचा कागद फोडला, आणि मुकादमांनी 'नवी, न वापरलेली' अशी नोंद केली. कुमुदनं किल्ली उचलून परत खुंटीला लावली. झांबरे उठले, गॉगल पुसून डोळ्यांवर चढवला, आणि अक्काला म्हणाले, चल.

अक्का उठली खरी, पण दाराकडे गेली नाही. ती आरशापुढच्या खुर्चीजवळ गेली. हात लावून बघितलं, ती फिरते का. फिरली. मग लुगड्याचा पदर सावरून ती तिच्यावर बसली, आणि आरशात स्वतःकडे बघितलं. चाळीस वर्षांत तिनं इतक्या जवळून बघितलं असेल असं वाटलं नाही.

"कुमुद," ती म्हणाली, "नवीच आहे ना ती, कुणाला न लागलेली?"

"नवीच आहे अक्का."

"मग थोडी मला लाव. फार नको. कळणार नाही इतकीच."